इतर

लेउवार्डनच्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल,
मागे खिडकी, खिडकीखाली कालवा.
फॉर्मवर तीन चौकोन:
लक्ष न लागणारा. स्वस्थ न बसणारा. दोन्ही.
आणि तळाशी बारीक अक्षरात ‘इतर’,
तिथे एकोणीस वर्षांत मी फार काही लिहिलेलं नाही.

येल्मरच्या आधी त्याचा आवाज आत आला.
वय नऊ. दोन गुडघ्यांवर दोन रंगांच्या पट्ट्या.
माझी फिरती खुर्ची त्यानं सात वेळा फिरवली,
चिकटपट्टीचं रीळ संपवलं,
चष्म्याचा नंबर विचारला
आणि उत्तर ऐकायला थांबला नाही.
पायाला भिंगरी, असं शाळेनं लिहूनच दिलेलं.
दुसरा चौकोन. चहा निवायच्या आत खूण झाली.

अशी मुलं सापडतात.
ती रांगा मोडतात, काचा फोडतात,
कुणीतरी बखोट धरून त्यांना आणतंच.

वीत्स्केला तसं कुणी आणलं नव्हतं.
दाताच्या डॉक्टरची वेळ ती तिसऱ्यांदा विसरली,
दंड झाला, आणि तिथल्या बाई सहज म्हणाल्या,
एकदा दाखवून तरी घ्या.
चौदा वर्षं. पाच प्रगतिपुस्तकं,
पाच हस्ताक्षरांत एकच वाक्य:
शांत मुलगी. मन लावलं तर पुढे जाईल.
जणू मन म्हणजे पोस्टाचं तिकीट,
जिभेला लावलं की चिकटलं.

मी आकडे वाचत होते, तिनं ते उलटे म्हणायचे.
चौथ्या आकड्याशी ती थांबली.
खाली घंटा वाजत होती, पूल उघडत होता.
“ती लाल पट्ट्याची बोट,” ती म्हणाली,
“सकाळी बाबांच्या पुलाखालून रिकामी गेली.
आता हातभर खाली बसलीय. वाळू असेल.”

मी वळून पाहिलं.
एकोणीस वर्षं ती खिडकी माझ्या पाठीला होती.
घड्याळ चालू होतं.
नियमाप्रमाणे लिहिलं: शून्य.

लक्ष द्यायचं असतं, असं आपण पोरांना सांगतो.
पण ते जातं. लागतं. उडतं. वेधलं जातं.
देणारा हात दर वेळी आपलाच असतो असं कुठाय?
आम्ही मात्र तूट म्हणतो,
संध्याकाळी गल्ला मोजणाऱ्या दुकानदारासारखे.
येल्मरकडे चिल्लर होती, मुठीमुठीनं उधळलेली.
वीत्स्केकडे एकच मोठी नोट,
आणि शाळेत ती कुणी मोडून देत नव्हतं.

वडिलांची प्रश्नावली वेगळी असते.
हेसल. पूल राखणारा.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून
नावाड्यांकडून नाणी गोळा करतो अजून.
त्यानं माझ्याकडे पेन मागितलं,
त्याचं कानावर होतं.
सहाव्या प्रश्नाशी तो बराच वेळ बसला:
वस्तू हरवतात का?
“हे तिच्याबद्दलच ना,” त्यानं विचारलं, “की…”
आणि कागद पालथा ठेवला.
मग म्हणाला, बावीस वर्षांत एक बोट चुकलेली नाही.
घरी दूध रोज उतू जातं.

मी पहिल्या चौकोनात खूण केली.
एवढीशी खूण,
पण तिच्या मागून एक शांत खोली येते,
परीक्षेला अर्धा तास जास्त,
गोळीबद्दल नीट बोलणारं कुणीतरी.
वीत्स्केनं फॉर्म उलटासुलटा वाचला.
“हे शाळेला कळवणार?”
हो.
“पाचही जणींना?”

ते गेल्यावर ‘इतर’पुढे मी लिहिलं:
बोट. हातभर खाली. वाळू.
संगणकानं ते लाल केलं, कोड मागितला.
खाली पुन्हा घंटा झाली.
पुढचं मूल केव्हाच आत येऊन बसलं होतं
आणि माझं लक्ष नव्हतं.